जप्त मोटारी आणि ठेवीदारांचे द्रव्य

सोलापूरसारख्या गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या शहरात माणसाची पत ओळखण्याच्या काही ठरलेल्या खुणा आहेत, आणि दारात उभी असलेली मोटार ही त्यांतली सर्वांत ठळक खूण होय. ठेवीवर पेढीच्या दुप्पट-तिप्पट व्याज देऊ करणाऱ्या गृहस्थाचा ताळेबंद सहसा कोणी मागत नाही. त्याची मोटार मात्र साऱ्या पेठेला दिसते. निवृत्त कामगार आपल्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घेऊन त्याच्याकडे जातो, तो पुष्कळदा तिच्याच भरवशावर. पुढे व्याज थांबते, कचेरीला कुलूप लागते, आणि एके दिवशी तीच मोटार पोलिसांच्या आवारात उभी असलेली वर्तमानपत्रातील छायाचित्रात दिसते. ते पाहून ठेवीदाराच्या मनाला क्षणभर धीर येतो. हा धीर कितपत साधार आहे, हे श्रोत्यांनी शांतपणे तपासून पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहेच. फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखेतून खोट्या हमीपत्रांच्या आधारे १३,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम उचलली गेल्याचा हा आरोप. फेब्रुवारी २०१८ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने हिऱ्यांचा व्यापारी नीरव मोदी याच्या ९ मोटारी ताब्यात घेतल्या. त्यांत एक रोल्स रॉइस घोस्ट, एक पोर्श पनामेरा आणि दोन मर्सिडीज बेंझ होत्या. होंडा, फॉर्च्युनर व इनोव्हा या साध्या गाड्याही होत्या. मार्च २०१९ मध्ये मोदीस लंडनमध्ये अटक झाली. त्याच्या व मेहुल चोकसीच्या मिळून १३ मोटारींचा लिलाव एप्रिल २०१९ मध्ये झाला. तो पुकारण्याचे काम सरकारच्या ज्या कंपनीकडे आले, ती १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झाली होती, ही गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. १२ मोटारी विकल्या गेल्या आणि एकूण सुमारे ३ कोटी २९ लाख रुपये आले. बुडालेल्या रकमेशी त्याचे प्रमाण काढले तर शंभर रुपयांमागे अडीच पैसे पडतात.

मग मोटारी धरायच्याच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. घर किंवा जमीन पळवून नेता येत नाही. मोटार एका रात्रीत परप्रांतात जाते, दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून तपासी अंमलदार प्रथम तिच्यावरच हात ठेवतो. तेथे जप्ती आणि टाच यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. जप्ती ही पुराव्यासाठी असते. पंचनामा होऊन वस्तू मुद्देमाल म्हणून ठाण्यात येते. टाच ही पैशाच्या परतफेडीसाठी असते. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ सालचा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे. सरकार आदेश काढून मिळकतीवर टाच आणते, उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला सक्षम प्राधिकारी तिचा ताबा घेतो, आणि विशेष न्यायालयाने टाच कायम केली म्हणजे मिळकत विकून आलेला पैसा ठेवीदारांत प्रमाणशीर वाटला जातो. हा कायदा २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो वैध मानला. मधल्या वर्षांत ठेवीदारांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, याची कल्पनाच करावी.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक मेख असते. महागडी मोटार रोख पैसे मोजून घेतलेली असतेच असे नाही. नोंदणीपुस्तकात कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव चढलेले असले, तर त्या बँकेचा हक्क आधी उभा राहतो. मोटार कंपनीच्या किंवा मेहुण्याच्या नावावर असली, तर ती कोणाच्या पैशाने आली हे सिद्ध करावे लागते. तोवर ती आवारात उभी. सोलापूरचे ऊन कसे असते, हे सोलापूरकरांस सांगावयास नको! विद्युतघट उतरतो, चाकांचे रबर तडकते, उंदीर तारा कुरतडतात. माणसाप्रमाणे यंत्रालाही निष्क्रियता मानवत नाही.

ही नासाडी न्यायालयांच्या नजरेस आली नाही असे नव्हे. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट बजावले की वाहने ठाण्यात दीर्घकाळ कुजवू नयेत. छायाचित्रे व पंचनामा करून ती जामिनावर द्यावीत, कोणी हक्कदार पुढे न आल्यास लिलाव करावा. तरीही ठाण्यांच्या कुंपणालगत गवतात बुडालेल्या गाड्यांच्या रांगा पुढेही दिसत राहिल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी मुदतीच घातल्या आहेत: मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी, आणि छायाचित्रे झाल्यावर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. लवकर विकलेल्या मोटारीचा पैसा न्यायालयाच्या हवाली राहतो. आरोपी निर्दोष ठरला तर तो त्याला मिळतो. दोषी ठरला तर गाऱ्हाणे असणाऱ्यांना. दोन्ही पक्षी हे गंजक्या सांगाड्यापेक्षा बरे.

जिल्ह्यातल्या बार्शी गावीही जानेवारी २०२२ मध्ये शेअर बाजारातील भरघोस नफ्याच्या आमिषाचे मोठे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हा विषय मुंबईपुरता राहिलेला नाही. अशा प्रसंगी ठेवीदाराने मोटारीच्या छायाचित्राकडे पाहत बसण्यापेक्षा पेटीतली मूळ पावती, करारपत्र आणि पैसे दिल्याची बँकपुस्तकातील नोंद शोधावी. सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करताना विचारले जाते ते याच कागदांना. रोख दिलेल्या आणि पावती न घेतलेल्या रकमेचे दावे तेथेच अडखळतात. सुनेच्या किंवा नातवाच्या नावे ठेव असेल तर दावाही त्याच नावे करावा लागतो, आणि अर्जाची पोच शिक्क्यानिशी घेऊन जपून ठेवावी लागते. कारण वाटपाची यादी लागेपर्यंत पुष्कळ वर्षे जातात.