राजाजीनगरात उणे ४० अंश

मी मूळचा निपाणीचा. बंगळुरूच्या राजाजीनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझीच.

आमच्या सीमाभागातलेच एक काका इथे टॅक्सी चालवतात. त्यांची पेट्रोलची गाडी माझ्याकडे आली. गरम असताना चालू व्हायला त्रास, मायलेज घसरलेलं, रेडिएटरचा पंखा सारखा फिरतोय आणि इंजिनचा दिवा पेटलेला. स्कॅनर लावला. कोड पी ०११८, कूलंटचं तापमान उणे ४०! बंगळुरूत नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १८८४ च्या जानेवारीतलं. म्हणजे आकडा खोटा, हे उघड होतं. मी म्हटलं, "काका, सेन्सर गेला." नवा बसवला, कोड पुसला, आकडा ठीक आला. पैसे घेतले.

आठव्या दिवशी काकांचा फोन. "अरे, विमानतळाचं भाडं होतं. वाटेत पेट्रोल भरायला गाडी बंद केली, ती चालूच होईना. प्रवासी दुसऱ्या गाडीनं गेला. तू दुरुस्त काय केलंस नेमकं?"

आता हे सर्किट समजून घेऊ. सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर गरम होत जातो तसा सिग्नल वायरवरचा व्होल्टेज खाली येतो. वायर कुठंही तुटली की व्होल्टेज ५ वरच अडकतो आणि इसीएमला वाटतं, बाहेर कडाक्याची थंडी पडली आहे. मग तो गरम इंजिनलाही जादा पेट्रोल देतो. काही गाड्यांत तो सावध होऊन पंखा कायम चालू ठेवतो.

म्हणजे ०११८ हा कोड 'सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे' एवढंच सांगतो. सेन्सर खराब आहे, असं तो म्हणतच नाही. ते मी ठरवलं होतं, काहीही न मोजता.

दुसऱ्या वेळी काकांना म्हटलं, दिवा पेटलेला असतानाच गाडी आणा. चावी चालू केली, इंजिन बंद ठेवलं. सेन्सरचा कपलर काढला. सिग्नल वायरवर मल्टिमीटरनं ५ व्होल्ट दाखवले. आता कपलरच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरनं जोडल्या. आकडा उणे ४० वरून झटकन १३० च्या वर जायला हवा होता. हलला नाही. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हताच. मग फक्त सिग्नलची पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. आकडा लगेच वर गेला! सिग्नल वायर चांगली, इसीएम चांगला. तुटली होती ती अर्थची वायर.

दोन सूचना. या पिनांना बॅटरीचा पॉझिटिव्ह चुकूनही लावू नका, इसीएम जळेल. आणि काही गाड्या बिघाड झाल्यावर स्कॅनरवर पर्यायी आकडा दाखवतात, म्हणून व्होल्ट मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पिना पुन्हा जोडल्या, स्कॅनरकडे बघत हार्नेस बोटा-बोटानं हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली आकडा उड्या मारू लागला. तिथं वायर ब्रॅकेटला घासून आत हिरवी पडली होती. पहिल्या वेळी कपलर काढताना हार्नेस हलला, तुटलेली टोकं पुन्हा टेकली आणि मला वाटलं, नव्या सेन्सरनं काम झालं.

खराब तुकडा कापला, नवा जोड सोल्डर करून झाकला, वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली. रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं. थंड इंजिनवर ते तसंच दिसायला हवं. मग इंजिन गरम केलं. आकडा अडखळत नाही, पंखा वेळेवर लागतो आणि बंद होतो, हे पाहूनच गाडी दिली.

जुना सेन्सर डब्यात होता. गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवून मोजला. अगदी ठणठणीत. काकांना सेन्सरचे आणि मजुरीचे पैसे परत केले. ते म्हणाले, "हे ठीक आहे रे, पण त्या दिवसाच्या भाड्याचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, उद्या कुणी सेन्सर बदलायला सांगितला, तर आधी विचारा, "कपलर काढून वायर तपासली का?" मलाही विचारा. राग येणार नाही.