पुढचे दार उघडणारा अभ्यासक्रम

(झरी जामणी तालुक्यातील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



झरी जामणी तालुक्यात मृग नक्षत्र आणि प्रवेशाचे अर्ज एकाच वेळी येतात. घरातील पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापसाचा पैसा हाती यायला दिवाळी उलटावी लागते. अशा दिवसांत दहावी-बारावी झालेल्या मुलाचा अर्ज घाईघाईने भरला जातो. मित्राने घेतला तो अभ्यासक्रम आणि एसटी जिथवर जाते ते महाविद्यालय, एवढाच निकष उरतो. बियाण्याची पिशवी घेताना हाच शेतकरी चार दुकाने फिरतो, वाणाची चौकशी करतो, पावती जपून ठेवतो. वाण चुकले तर एक हंगाम जातो. अभ्यासक्रम चुकला तर तरुण वयाची तीन वर्षे जातात, आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणावरचा घराचा विश्वासही जातो. म्हणून या निवडीचा विचार शांतपणे व्हायला हवा.

ज्याला आज 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात, त्या कल्पनेचा उगम अमेरिकेत झाला. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे दोन वर्षांचे असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. घराजवळ राहावे, कमी खर्चात शिकावे, परिसरातील उद्योगाला लागणारे कौशल्य मिळवावे आणि इच्छा असल्यास पुढे विद्यापीठात जावे, हे त्यामागील सूत्र. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये अशा महाविद्यालयांची योजना आणली. श्रम आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला मात्र नवी नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग आपल्या मातीत केव्हाच रुजवला होता.

तेव्हा प्रश्न संस्थेच्या नावाचा नाही. महाविद्यालय असो, आयटीआय असो वा मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र. अर्ज भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : या अभ्यासक्रमानंतर पुढचे कोणते दार उघडते? आयटीआयमध्ये संधाता, म्हणजे वेल्डर, हा व्यवसाय एक वर्षाचा. वीजतंत्री आणि जोडारी हे दोन वर्षांचे. लवकर कमावता यावे म्हणून एक वर्षाचा व्यवसाय निवडणे चूक नव्हे. परंतु दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट मोकळी असते आणि पदविकेनंतर पदवीच्याही दुसऱ्या वर्षात जाता येते. ही शिडी वेळीच कुणी दाखवली, तर एका वर्षाच्या फरकाचे मोल कळते. परिचारिका शिक्षणातही हेच. मान्यताप्राप्त एएनएम किंवा जीएनएम पूर्ण केल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि पुढील शिक्षणही घेता येते. गल्लीतील वर्गात मिळालेल्या 'नर्सिंग'च्या चमकदार प्रमाणपत्रावर ती नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे परिचारिका म्हणून अधिकार नाही. प्रमाणपत्र कोणती परिषद वा कोणते मंडळ मानते, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावे. जो लेखी देत नाही, त्याच्याकडे प्रवेश घेऊ नये.

दुसरा प्रश्न : या विद्येला परिसरात काम आहे काय? २०२२ मध्ये मुकुटबन येथे वर्षाला ३९ लाख टन क्षमतेच्या सिमेंट कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. येथे वीजतंत्री, जोडारी, संधाता यांची गरज असते. भूमिपुत्रांना काम मिळावे ही मागणी रास्तच आहे. तिला हाती असलेल्या कौशल्याचे बळ हवे. शेतीचेही तसेच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. औषध कोणते, मात्रा किती, तोंडाला काय बांधावे, हे सांगणारा जाणता माणूस गावातील दुकानात असता तर? कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये शिक्षणाची अट घातली. कृषी, रसायन, वनस्पती वा प्राणिशास्त्र यांसारख्या विषयांतील पदवी किंवा कृषीची एक वर्षाची मान्यताप्राप्त पदविका त्यासाठी चालते. गावात कृषी सेवा केंद्र काढू इच्छिणाऱ्या तरुणासाठी ती पदविका म्हणजे चरितार्थ आहे, आणि गावासाठी ते जीवरक्षणाचे साधन आहे.

तिसरा प्रश्न : खर्च किती, आणि साहाय्य कोणते? शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. खोली, जेवण, एसटीचा पास हे वेगळेच. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, तसेच जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी निकालानंतर सुरू केली तर वेळ निघून जाते. ती अकरावीतच सुरू व्हावी.

चौथा प्रश्न : शिक्षण मध्येच थांबले तर हाती काय उरते? येथे हा प्रश्न काल्पनिक नाही. एक नापिकी, एक आजारपण, आणि मुलगा मजुरीला जातो. नव्या शैक्षणिक धोरणाची राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अंमलबजावणी सुरू झाली. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची तरतूद आहे. त्यासाठी कौशल्याचे जादा श्रेयांकही पूर्ण करावे लागतात. मिळवलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत जमा राहतात. वर्ग सोडण्यापूर्वी ही प्रक्रिया पूर्ण केली, तर परत येण्याची वाट राहते. न सांगता घरी बसणाऱ्याची मेहनत मात्र वाया जाते.

आता एका विशेष जबाबदारीकडे वळू. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित जनजातींपैकी एक असलेला कोलाम समाज या तालुक्यातील पोडांवर राहतो. पोडावरून बारावीपर्यंत आलेल्या मुलीच्या मागे घरची कोलामी, शाळेची मराठी आणि अर्जावरची इंग्रजी, असा तीन भाषांचा प्रवास असतो. अर्जातील एका चुकीच्या रकान्याने तो थांबावा, हे तिचे अपयश नव्हे. तिच्या शेजारी न बसलेल्या सुशिक्षित समाजाचे आहे. या विभागाचे विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते, ते संत गाडगेबाबा स्वतः शाळा शिकले नव्हते, तरी लेकरांना शाळेत घाला म्हणून गावोगाव सांगत फिरले.

म्हणून सभेत बसलेल्या प्रत्येक शिक्षकाने, नोकरदाराने आणि कार्यकर्त्याने यंदा एकच गोष्ट करावी. आपल्या घराबाहेरच्या एका विद्यार्थ्याचा अर्ज त्याच्या शेजारी बसून भरावा. हे चार प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत, आणि निवडही त्यालाच करू द्यावी. पेरणी आटोपली की कामाला लागू, असे म्हणू नये. पेरणी संपेपर्यंत प्रवेशाची मुदत उलटून गेलेली असते.