काढलेलं विष ठेवलं कुठे?

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो,

तुमच्यात कुणी मृदाशास्त्राचं आहे, कुणी रसायनशास्त्राचं, कुणी पर्यावरण अभियांत्रिकीचं. पण बऱ्याच जणांनी गेली काही वर्षं एकाच कामाला दिली आहेत. कुठल्या तरी बोअरच्या पाण्यात, कुठल्या तरी नाल्याकाठच्या मातीत काय मिसळलं आहे ते शोधायचं आणि ते बाहेर काढायची रीत बसवायची. हे काम निवडलंत याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. तुम्हाला ते करू देणाऱ्या आईवडिलांचंही.

कुलगुरूंनी तुमचे काही प्रबंध मला आधी वाचायला पाठवले होते. काम कसदार आहे. जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी एक टक्केवारी येते: पाण्यातलं इतकं शिसं निघालं, इतकं फ्लोराइड निघालं. मला आज बोलायचं आहे ते त्या टक्केवारीच्या पुढच्या गोष्टीबद्दल. निघालं, पण गेलं कुठे?

डिझेल सांडलेल्या मातीपुरतं या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आहे. योग्य ओल, हवा आणि खत मिळालं की जिवाणू त्या तेलाचे रेणू तोडतात आणि त्यातल्या मोठ्या भागाचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. तेवढं विष खरोखर संपतं. आर्सेनिक, शिसं, पारा, कॅडमियम यांचं तसं नाही. ही मूलद्रव्यं आहेत. कुठलाही जिवाणू, कुठलीही भट्टी त्यांना नाहीसं करत नाही. त्यांचं रूप बदलता येतं आणि जागा बदलता येते. षट्‌संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी रूपात आणलं की त्याचा घातकपणा पुष्कळ कमी होतो, ते सहसा पाण्याबरोबर वाहत नाही. हा मोठाच फायदा आहे. पण क्रोमियम तिथेच असतं.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बंगालच्या आर्सेनिकने. तिथल्या खेड्यांत माणसं तळ्यांचं आणि उघड्या विहिरींचं पाणी पीत, पटकी आणि हगवणीने मुलं दगावत. ते थांबावं म्हणून १९७०च्या दशकापासून गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या, त्यांवर हातपंप बसले. हेतू चांगला होता, पाणी स्वच्छ दिसत होतं. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या अंगावरचे काळे ठिपके आणि तळहात-तळपायांवरचे टणक उंचवटे आर्सेनिकचे आहेत हे ओळखलं. पुढे जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती यांनी हे काम आयुष्यभराचं केलं. त्यांच्या गटाने २००९ साली पश्चिम बंगालमधल्या वीस वर्षांच्या कामाचा आढावा प्रसिद्ध केला. १,४०,१५० कूपनलिकांचं पाणी तपासलं होतं आणि ४८.१ टक्के नमुन्यांत आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. एका विद्यापीठाच्या एका विभागाने एवढं काम केलं, हे इथे बसलेल्या प्रत्येक विभागप्रमुखाने मनात ठेवावं.

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्याने टाकलेलं नव्हतं. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो, त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. हवा लागते तोवर ते तिथे घट्ट बसतं. जमिनीखाली, जिथे प्राणवायू संपतो, तिथे सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी हे लोह वापरतात. लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटं होतं. हे रसायन नीट समजून घ्या, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता यांनी शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या सहकाऱ्यांबरोबर १९९७पासून गावातल्या हातपंपांनाच जोडता येतील असे फिल्टर बसवायला सुरुवात केली. आत सक्रिय अ‍ॅल्युमिना. वीज लागत नाही. देखभाल गावच्या समितीकडे, खर्च घरोघरच्या छोट्या वर्गणीतून. इथवरचं काम पुष्कळांनी केलं असतं. मला या गटाबद्दल आदर वाटतो तो पुढच्या कामामुळे. अ‍ॅल्युमिना आर्सेनिकने भरलं की ते फेकलं नाही. ते एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन कॉस्टिक सोड्याने धुतलं आणि पुन्हा वापरात आणलं. धुतलेल्या पाण्यातलं आर्सेनिक लोहाबरोबर थोड्याशा गाळात बांधलं. आणि तो गाळ जाड वाळूच्या थरावर, हवा खेळती राहील असा ठेवला. का? कारण प्राणवायू संपल्यामुळे जे सुटतं, ते प्राणवायू मिळत राहिला तर बांधलेलं राहतं. हाच गाळ इतर कचऱ्याबरोबर खोल, बंद भरावात पुरला असता, तर बंगालच्या जमिनीखाली जे घडलं तेच आपल्या हातांनी पुन्हा घडवलं असतं. काढण्याची रीत शोधणाऱ्यांनीच ठेवण्याची रीतही शोधली. संशोधन पूर्ण झालं असं मी याला म्हणेन.

झाडांकरवी माती स्वच्छ केली, तरी काढलेलं ठेवायचं कुठे हा प्रश्न चुकत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लेना मा यांच्या गटाने २००१ साली दाखवून दिलं की टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं मातीतलं आर्सेनिक मुळांतून ओढून पानांत साठवतं. आपल्याकडेही जुन्या भिंतींवर ते उगवतं. शोध सुंदर आहे. पण नेचं वाढलं, पानं कापली, भारे बांधले. आता ते भारे आर्सेनिकचे आहेत. जाळले तर काही आर्सेनिक धुरात जाईल. उघड्यावर कुजवले तर मातीत परत येईल. शेळीने खाल्ले तर?

आता आपल्या दाराशी येऊ. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लहान वयात पिवळे पडलेले दात आणि चाळिशीत आखडलेले सांधे तिथे पाहायला मिळतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९७०च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली. स्वस्त आहे, बादलीतसुद्धा करता येते, आणि तिने गरिबाच्या घरात विज्ञान नेलं. तळाशी बसणाऱ्या गाळात ते फ्लोराइड असतं, अ‍ॅल्युमिनियमही असतं. तो गाळ परसात ओतायचा की आणखी कुठे, हे त्या घरातल्या बाईला कुणी सांगितलं आहे का, याची चौकशी तुम्ही जाल त्या गावात करा.

भोपाळबद्दल थोडंच बोलतो. १९८४च्या वायुगळतीच्या दुर्घटनेनंतर तिथल्या कीटकनाशकांच्या कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५मध्ये तिथून पिथमपूरला नेला आणि त्या वर्षी जाळला. पिथमपूरच्या लोकांनी विरोध केला, आणि मला तो विरोध अडाणीपणाचा वाटत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न आज मी तुम्हाला विचारतो आहे तोच होता. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राहिलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने जास्त भरली. ती आता जपून ठेवावी लागणार. आणि कारखान्याच्या परिसरातली दूषित माती? तिचा नीरीच्या २०१०च्या अहवालातला अंदाज ११ लाख टनांचा आहे.

आपल्या राज्यातला कारखान्यांचा घातक कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या भरावांत जातो. खाली चिकणमाती आणि प्लास्टिकचे थर, झिरपणारं पाणी गोळा करायची सोय, भोवती तपासणीच्या विहिरी. भराव बंद झाल्यावर साधारण ३० वर्षांची देखरेख धरलेली असते. शिसं मात्र ३०व्या वर्षी संपत नाही. पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन असा एकही भराव न पाहिलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. तुम्ही जा. तिथल्या विहिरींचे आकडे मागा.

यात आपल्या विद्यापीठांचं चुकतं आहे, हेही मी इथेच सांगायला हवं. टक्केवारीवर शोधनिबंध छापून येतो, गाळावर येत नाही. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो आणि वापरलेलं शोषकद्रव्य प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत पिशव्यांत राहतं. कुलगुरूंना माझी जाहीर विनंती आहे: शुद्धीकरणावरचा कुठलाही प्रबंध, काढलेल्या द्रव्याचं पुढे काय करायचं हे सांगणाऱ्या प्रकरणाशिवाय स्वीकारू नये, असा नियम या विद्यापीठाने करावा.

तुम्हाला मात्र नियमाची वाट पाहायची गरज नाही. उद्या तुम्ही एखाद्या कंपनीत, नगरपालिकेत, प्रदूषण नियंत्रण मंडळात किंवा पुढच्या संशोधनाला जाल. शुद्धीकरणाचा पहिला अहवाल लिहाल तेव्हा त्यात एक पान जास्त लिहा. काय निघालं, किती निघालं, ते कुठे ठेवलं, कशात ठेवलं, त्यावर लक्ष कोण ठेवणार आणि किती वर्षं. त्या जागेशेजारी राहणाऱ्या लोकांना ते पान मराठीत वाचून दाखवा, आणि त्याखाली तुमची सही करा.