बाहेरच्या भिंतीला लाकूड लावताना

कोकणात किंवा लोणावळ्याकडे घर बांधणारे पुष्कळजण हल्ली बाहेरच्या भिंतींना लाकडी फळ्या लावायच्या म्हणतात आणि वखारीत जाऊन सीडार मागतात. कोणतं सीडार, हे मात्र कुणी विचारत नाही. हिमालयातला देवदार एक आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून येणारं तांबूस वेस्टर्न रेड सीडार दुसरं. दोन्ही झाडांची कुळंसुद्धा वेगळी. आज बोलायचंय ते कॅनडाच्या लाकडाबद्दल.

हे लाकूड फार हलकं. घनमीटरला सागाचं वजन साधारण साडेसहाशे किलो, याचं पावणेचारशेच्या आसपास. ओल-ऊन सोसताना ते फुगतं-आक्रसतं कमी, त्यामुळे फळ्या सहसा वाकत नाहीत. पण नखानंही ओरखडा उठेल इतकं मऊ. मुलांचा चेंडू आदळतो, सायकली टेकतात, त्या भिंतीला सागच बरा.

टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. तिथल्या नैसर्गिक रसायनांमुळे बुरशी दूर राहते. सालीलगतच्या पांढरट भागात ती नसतात, तो लवकर कुजतो. म्हणून फळ्या उलटसुलट करून पाहा आणि कडेला पांढरा पट्टा असलेल्या बाजूला काढा. गाभ्यालाही वाळवी लागणारच नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जोत्यावर निदान फूटभर जागा सोडूनच पहिली फळी लावा. मातीचे शिंतोडेही तिथवर कमी पोचतात.

सगळ्यात जास्त लाकूड खराब होतं ते मागच्या बाजूनं. फळी थेट गिलाव्यावर ठोकली की आत शिरलेलं पाणी आतच राहतं. फळ्या आडव्या असतील तर आधी उभ्या रिपा मारा, म्हणजे मागून वारा खालून वर खेळेल. त्या फटीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतील. सुतारानं फळी कापली की कापलेल्या टोकाला तिथल्या तिथे सीलर लावून घ्या. पाणी सर्वात वेगानं शोषतं ते हे टोकच.

साधे लोखंडी खिळे वापरलेत, तर या लाकडातल्या टॅनिनमुळे पहिल्याच पावसाळ्यात खिळ्याखालून काळे ओघळ उतरतील. स्टेनलेस स्टीलच घ्या, आणि समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं. एकावर एक चढवलेल्या दोन फळ्यांतून एकच खिळा आरपार नेऊ नका. लाकूड हललं की चिरतं.

चकचकीत व्हार्निशच्या नादी न लागलेलं बरं. उन्हापावसात त्याचे पापुद्रे सुटतात आणि खरवडण्यात सुट्ट्या जातात. काहीच न लावता लाकूड करडं होऊ दिलं तरी त्यानं मजबुतीला धक्का लागत नाही. मात्र आपल्या दमट हवेत ते एकसारखं रुपेरी होईल ही आशा नको, काळे डाग पडतातच.

मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं, देवदाराचं. त्याच्या छपरांच्या रुंद वळचणी पाहा, म्हणजे लाकूड कशानं जगतं ते कळेल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर, वळचण नसताना, मी तरी कोणतंच लाकूड लावणार नाही. तिथे चिराच राहू द्या.

आणि एक राहिलं. या लाकडाच्या भुशानं दमा होऊ शकतो. कॅनडातल्या गिरणी कामगारांत तो चांगलाच नोंदला गेला आहे. कापणी उघड्यावर करवा आणि सुताराला चांगला मास्क आणून द्या.