मागणीपासून मालमोटारीपर्यंत

(हिवरे बाजार येथे पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



हिशेबावर बोलावयास हिवरे बाजारसारखी उचित जागा नाही. या अवर्षणप्रवण गावाने, १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, श्रमदानाने पाणी अडविले. आणि त्याहून अवघड म्हणजे अडविलेले पाणी मोजले. पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून मगच येथे पिके ठरतात. हीच शिस्त विक्रीच्या मालाला लावावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

२००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. आज अशा कंपन्या आणि शेतकऱ्यांचे गट शहरातील ग्राहकांकडून थेट मागणी नोंदवितात. मागणी मिळाली की आनंद होतो. ती गोदामाच्या हवाली करण्याचे काम मात्र कुणाचेच नसते.

एका गटाचे काम मी जवळून पाहत होतो. पुण्यातील एका गृहसंस्थेने कांद्याच्या पाच किलोच्या साठ पिशव्या मागविल्या. फोन घेणाऱ्याने गोदामातील मुलास जाता जाता सांगितले, "साठ काढून ठेव, उद्या गाडी आहे." मुलाने पन्नास किलोची साठ पोती भरली. तीनशे किलोंच्या जागी तीन टन कांदा पुण्यास पोहोचला! ऐन जुलैचे दिवस. ताडपत्रीखाली दोन दिवस कोंडलेला माल परत आला तेव्हा पोत्यांतून पाणी गळत होते. परतीचे भाडे आणि नासाडी शेतकऱ्यांच्या हिश्श्यातून वळती झाली, कारण कोण काय बोलले याचा कागदच नव्हता. मीही तेथेच उभा होतो, "कसल्या साठ?" असे विचारणे मलाही सुचले नाही.

यावरील उपाय अवघड नाही. मागणी येताच साठा आणि मुदत पाहून एक चिठ्ठी करावी. तीत मालाची प्रत, एका नगाचे वजन, नगसंख्या, उतरविण्याचा पत्ता आणि गाडीची वेळ असावी. गोदामपालाने ती वाचून सही करावी. सही झाली की जबाबदारी त्याची. माल काट्यावर चढवून, नग मोजून हुंडेकऱ्याच्या ताब्यात द्यावा आणि बिल्टीवरील आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. मागणी फोनवरील संदेशाने आली तरी हेच करावे. संदेश खाली सरकतो, चिठ्ठी खिळ्याला अडकून राहते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे काम १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केले. डबा वाटेत अनेक हातांतून जातो. झाकणावरील खुणेत पूर्ण पत्ता नसतो. पुढच्या माणसाला डबा कोठे उतरवावयाचा आणि कोठे पोहोचवावयाचा एवढेच असते. आपल्या चिठ्ठीतही गोदामपालास लागेल तेवढेच असावे. भावाची घासाघीस तेथे कशाला?

आणखी एक. दुपारी चारनंतरची मागणी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जाईल, असे ग्राहकास आधीच सांगावे. उशिरा घुसविलेल्या मागण्यांनीच मोजणीत गोंधळ होतो.

शिक्षकांनी आठवीच्या वर्गात अशी एक चिठ्ठी भरून घ्यावी. मुलांना "साठ" म्हणजे साठ काय, हा प्रश्न आपल्याआधी पडेल, अशी माझी खात्री आहे.

त्या गटातील तो मुलगा आज गोदाम सांभाळतो. अध्यक्ष स्वतः समोर येऊन उभे राहिले तरी चिठ्ठीवाचून तो पोत्याला हात लावत नाही.