राम कोणत्या भाषेत बोलतो?

रायपूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरांवर चंदखुरी हे गाव आहे. गावच्या तळ्याच्या मधोमध कौसल्येचे मंदिर उभे आहे. हा मुलूख प्राचीन काळी दक्षिण कोसल या नावाने ओळखला जात असे. कौसल्येचे माहेर ते हेच, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. साहजिकच राम हा साऱ्या छत्तीसगडचा भाचा ठरला. हे नाते केवळ बोलण्यात राहिलेले नाही. येथे मामा भाच्याच्या पाया पडतो, मग भाचा वयाने कितीही लहान असो. कारण त्याच्या ठायी तो रामाला पाहतो.

अशा या घरच्या भाच्याची गोष्ट जपानी कुंचल्याने रंगविली गेली आणि तिच्यातील राम प्रथम इंग्रजी बोलला, हे ऐकून चंदखुरीच्या मामांना नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी आहे. हाताने रेखाटलेल्या चित्रांना गती आणि चैतन्य देण्याची जी जपानी कला ‘अ‍ॅनिमे’ या नावाने जगभर ख्यात झाली, तिच्यातून १९९२ साली ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा सव्वादोन तासांचा चित्रपट सिद्ध झाला. युगो साको, कोइची सासाकी आणि भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन हे त्याचे दिग्दर्शक.

या चित्रपटाचा जन्म एका गैरसमजातून झाला. १९८३ साली साको भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी. कोणी परदेशी माणूस रामायणावरच चित्रपट काढतो आहे, असा समज एका बातमीमुळे पसरला आणि निषेधाचे पत्र दिल्लीतील जपानी दूतावासात जाऊन पोहोचले. गैरसमज दूर झाला. पण त्या वादाने साकोंच्या मनात रामकथा शिरली ती कायमची. राम हा देव आहे, तेव्हा त्याचे रूप कोणा नटाने घेण्यापेक्षा चित्रानेच घ्यावे, अशी त्यांची धारणा होती. विषय नाजूक म्हणून भारत सरकारचे साह्य मिळाले नाही. अखेर काम जपानमध्ये झाले. भारतीय आणि जपानी मिळून सुमारे ४५० कलावंत त्यासाठी राबले.

चित्रपटाचे मूळ संवाद इंग्रजीत होते. रामाला निखिल कपूर यांनी आणि सीतेला राएल पदमसी यांनी आवाज दिला. वनराज भाटिया यांनी संगीत दिले आणि गीते संस्कृतात रचली गेली. ती रचणारे वसंत देव हे मराठी; ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे तेच. पुढे हिंदी आवृत्तीत राम अरुण गोविल यांच्या आवाजात बोलला, रावण अमरीश पुरी यांच्या, आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांनी केले. अमेरिकेतील प्रेक्षकांसाठी ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने जी आवृत्ती निघाली, तीत निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचे आणि रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा. म्हणजे मूळ इंग्रजीच असलेल्या चित्रपटाला इंग्रजी श्रोत्यांसाठी पुन्हा इंग्रजी आवाज चढविण्यात आला! चित्रे तीच, धनुष्य तेच. बदलला तो केवळ कंठ. तथापि आवाज बदलला की पात्र बदलते. एका रामाच्या बोलण्यात मुंबईच्या रंगभूमीचे वळण, तर दुसऱ्याच्या बोलण्यात अमेरिकन नायकाची ढब. यालाच डबिंग म्हणतात, आणि ते भाषांतराहून अवघड असते. भाषांतरकाराला वाक्य लांबविता येते; येथे पात्राचे ओठ मिटले की शब्दही संपलाच पाहिजे.

परंतु कोणता राम कोणाच्या कानी पडावा, हे ठरवितो कोण? कलावंत नव्हे; हक्कांचे कागद. चित्रपट विकला जातो तेव्हा वस्तुतः त्याचा परवाना विकला जातो: कोणत्या देशात, कोणत्या भाषेत, किती वर्षांसाठी, आणि चित्रपटगृहात, दूरचित्रवाणीवर की घरी पाहण्याच्या फितीवर वा तबकडीवर. यांपैकी प्रत्येक हक्क वेगळा. ज्या भाषेचा हक्क कोणी घेत नाही, ती भाषा त्या चित्रपटापुरती मुकी राहते.

यंत्रांचाही यात वाटा आहे. व्हिडिओ फितींच्या काळात इंग्रजी मुलुखांतील अ‍ॅनिमेच्या चाहत्यांत दोन पंथ होते. जपानी आवाज ठेवून खाली इंग्रजी अक्षरे उमटविलेली फीत एकाला हवी, इंग्रजी आवाज चढविलेली दुसऱ्याला. आणि दोन्ही फिती निरनिराळ्या विकत घ्याव्या लागत. पुढे डीव्हीडी आली. तिच्या एका तबकडीवर आठपर्यंत ध्वनिपट्ट्या आणि बत्तीसपर्यंत भाषांची उपशीर्षके मावतात. भांडण मिटले, एका बटणासरशी पात्र भाषा पालटू लागले. यंत्राने जागा केली. ती भरावी की नाही, हे मात्र माणसांवर राहिले.

जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला. डिसेंबर १९९२ मधील अयोध्येच्या घटनेला तेव्हा महिना-दीड महिनाच झाला होता. वातावरण तप्त होते. चित्रपटगृहांतून तो त्या काळी देशभर रीतसर लागलाच नाही. त्याला प्रेक्षक मिळाला तो पुढे, उपग्रहवाहिन्यांवर आणि तबकड्यांच्या द्वारे, घराघरांतील बैठकीत. ज्या मुलांनी तो सुटीच्या दुपारी पाहिला, ती मोठी होऊनही त्याला विसरली नाहीत. याच प्रेमाच्या बळावर २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या, स्वच्छ केलेल्या प्रतीत भारतातील चित्रपटगृहांत अवतरला. साको मात्र २०१२ साली आणि राम मोहन २०१९ साली निवर्तले होते.

या वेळी राम चार भाषांत बोलला : हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. मराठीत तो बोलला नाही. मराठी माणसाला हिंदी समजते, मग निराळा खर्च कशाला, असा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. गंमत अशी की, इतर भाषांतील यशाला मराठी कंठाने नेहमीच हातभार लावला आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ‘जंगल बुक’ ही ५२ भागांची जपानी मालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा शेरखानाच्या डरकाळीमागे आवाज होता तो मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. त्या कथेतील सिवनीचे अरण्य आणि रायपूर ही दोन्ही एकेकाळी एकाच मध्य प्रांतात मोडत. म्हणजे प्रांत आपला, आवाज मराठी माणसाचा, पण भाषा मात्र दुसरी.

रायपूरच्या मराठी माणसाला ही स्थिती नवी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी घराणी छत्तीसगडात येत राहिली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी, असा त्यांचा संसार. त्यांच्यातीलच माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि समर्थांचा ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२६ साली त्यांचा अंत झाला तो रायपुरातच. मराठीतील धन दुसऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचविणे हे त्यांनी व्रत मानले. ते व्रत थोरच होय. परंतु दुसऱ्यांचे धन मराठी कानापर्यंत कोणी आणायचे?

मूल गोष्ट ऐकताना जो आवाज ऐकते, तो त्याच्या मनात गोष्टीपेक्षाही अधिक काळ टिकतो. रायपूरच्या मराठी घरातील मूल पडद्यावरचा राम हिंदीत ऐकते, समजते, रमतेही. परंतु आजीने सांगितलेला राम आणि पडद्यावरचा राम एका भाषेत बोलू लागले, तर घरातली भाषा ही केवळ जेवणाखाणाची भाषा नव्हे, पराक्रमाचीही आहे, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. तबकडीवर जागा असते, कंठ मराठीजवळ आहेत. हवा आहे तो हक्क विकत घेऊन ध्वनिमुद्रणाचा खर्च सोसणारा कोणीतरी. चंदखुरीचा मामा भाच्याचे पाय धरतो तेव्हा तो त्याच्याशी आपल्याच बोलीत बोलतो. भाच्यानेही मामाच्या घरी एकदा घरची भाषा बोलावी, एवढी अपेक्षा काही मोठी नव्हे.