वीस वर्षांचा करार : वाढते शहर आणि त्याचे रहिवासी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. वेतनकरारांचे मसुदे वाचता वाचता आम्हांला कायद्याची भाषा कळू लागली. पुढे शहराचा विकास आराखडा हाती आला, तेव्हा तोही आम्ही करार म्हणूनच वाचला. आजचे आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीतून निघाले आहे. विकास आराखडा हा शहर आणि त्याचे रहिवासी यांच्यातला वीस वर्षांचा करार आहे. आणि त्यातल्या एका पक्षाला मसुदा छापून झाल्यावर बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीचा आराखडा करणे बंधनकारक झाले. आज महाराष्ट्रात जो कायदा चालतो तो १९६६ चा, प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यातली रीत थोडक्यात अशी : प्रथम जमिनीच्या चालू वापराची पाहणी करायची, तिचा नकाशा काढायचा, मग शाळा, दवाखाने, रस्ते, मैदाने, घरे यांसाठी जागा राखून प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा. त्यावर ठरावीक मुदतीत लोकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या. नियोजन समितीने त्या ऐकायच्या आणि शेवटी राज्य सरकारने मंजुरी द्यायची. वीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

कायद्याने शब्द दोन वापरले आहेत : हरकती आणि सूचना. पण लोक बहुतेक हरकतीच देतात. का देतात? मसुदा तयार झाल्यावर विचारले तर माणूस दुसरे काय देणार? वेतनाचा करार मालकाने एकट्याने लिहून फाटकावर चिकटवला आणि 'महिनाभरात तक्रार असेल तर कळवा' म्हटले, तर त्याला आम्ही करार म्हणणार नाही; त्याला आम्ही नोटीस म्हणतो.

आता आमच्याच चुकीची एक गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. त्या संपात काय झाले ते आपण जाणता. गिरण्या बंद पडत गेल्या आणि खाली उरली ती जमीन, शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर. १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब होता. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी तशीच राहिली, पण ती कशाची करायची हे बदलले : सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्याच जागेची. गिरणीच्या आवारात शेड आणि खाती यांखेरीज मोकळी जागा ती किती असणार! उच्च न्यायालयात लोकांच्या बाजूने निकाल झाला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियमच कायम केला. मैदाने आणि घरे यांची जागा आक्रसली ती अशी.

त्या २००१ साली आम्ही संघटनेच्या कामात होतो. थकलेली देणी, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी यांचे कागद आमच्या पिशवीत होते. नियमावलीचा कागद नव्हता. ती दुरुस्ती आमच्यापैकी बहुतेकांनी वेळेवर वाचली नाही. आणि ज्यांनी वाचली त्यांना आम्ही म्हणालो, आधी पोटाचे बघू, नकाशाचे मागाहून. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले आणि देण्याजोगी जमीन पुरेना. तेव्हा आम्हांला उमगले की नकाशा हाही पोटाचाच प्रश्न होता. हा दोष आम्ही सरकारच्या आणि मालकांच्या माथी मारून मोकळे होऊ शकत नाही. त्यात आमचा वाटा होता.

खाडीपलीकडची गोष्ट याहून कठोर आहे. मुंबईचा भार हलका करण्यासाठी पलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. कल्पना दूरदृष्टीची होती यात शंका नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींचे संपादन ठरले. शहराचा विचार झाला. पण भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसाशी बसून बोलणे झाले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आम्ही एवढेच विचारतो : जे पाच जीव गेल्यावर देता आले, ते १९७० साली टेबलाशी बसून देता आले नसते काय?

म्हणजे लोकांना विचारले नाही तर काम लवकर होते, हा समज खरा नाही. आपल्या पुण्याचेच पाहा. जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला, त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि सरकारची मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या करारातली दहा वर्षे सही होण्यातच सरली! मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा मसुदा तर चुकांमुळे एप्रिलमध्येच मागे घेऊन दुरुस्तीला धाडावा लागला. सुधारलेला मसुदा २०१६ साली आला, त्यावरही ऐंशी हजारांवर हरकती-सूचना आल्या, आणि २०१८ च्या सप्टेंबरात तो अमलात आला. आरंभी चार महिने वस्तीवस्तीत बसायचे टाळले, की शेवटी चार वर्षे द्यावी लागतात.

'लोकांना नियोजनातले काय कळते?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. खरे आहे; जलवाहिनीचा व्यास किती असावा हे आम्हांला कळत नाही. पण पहिल्या पावसाला पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबते, रात्रपाळी सुटल्यावर बाई कोणत्या रस्त्याने घरी जायला भिते, भाजीवाल्याने पाटी कुठे उतरवली तर त्याचाही धंदा होतो आणि रहदारीही अडत नाही, हे तिथे राहणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? तज्ज्ञाचे ज्ञान आणि रहिवाशाची माहिती या दोन्ही गोष्टी नकाशाला लागतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही तुमची खुशामत केली असे होईल. रहिवासी नेहमीच न्यायाने बोलतो असे नाही. बाग सर्वांना घराजवळ हवी असते. कचऱ्याची जागा दुसऱ्याच्या गावात हवी असते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या की आपल्याला त्यांचा राग आला. ते लोक मात्र आपल्या कोणत्या सभेला बोलावले गेले होते? शिवाय सभेला येतो तो बहुधा सवड असलेला, स्वतःचे घर असलेला माणूस. भाडेकरू, बांधकामावरचा मजूर, धुणेभांडी करणारी बाई ही त्या वेळी कामावर असतात. आणि पंधरा वर्षांनी या शहरात जो येणार आहे, त्याची खुर्ची तर सभेत रिकामीच असते. १९९७, २०१७ आणि २०२१ अशा तीन वेळा आसपासची गावे या शहराच्या पोटात आली. वाढत्या शहराचा आराखडा करताना त्या रिकाम्या खुर्चीचेही ऐकावे लागते. 'आम्ही आधी आलो' एवढ्यावर भागत नाही.

मग करावे काय? संघटनेच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो.

पहिली : मसुद्याची वाट पाहू नये. चालू वापराची पाहणी होते तीच खरी वेळ. नकाशा हाती घेऊन गल्ली पायी फिरावी आणि शाळा, नळ, शौचालय, झोपडी, पिंपळाचा पार, जे आहे ते त्यात उतरले आहे का ते तपासावे. जे पाहणीत नाही ते आराखड्यात येत नाही. मुंबईत अनेक संस्था आणि वस्त्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन असे काम केले, म्हणून त्यांच्या हरकतींना वजन आले.

दुसरी : सभा लोकांच्या वेळेला आणि लोकांच्या भाषेत घ्यावी. पाळीत काम करणाऱ्यासाठी एकच सभा पुरत नाही, हे फाटकावर बोलणारा कोणताही कार्यकर्ता सांगेल.

तिसरी : दिलेल्या सूचनेला लेखी आणि सकारण उत्तर मागावे. आम्ही एका शहरात सुनावणीला गेलो होतो. तीन तास रांगेत उभे राहिलो, दोन मिनिटे बोललो आणि 'नोंद घेतली' एवढे ऐकून परत आलो. नकार चालेल, पण कारणासह हवा. कारण कळले की माणूस पुढच्या वेळी अधिक शहाणा होऊन येतो.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : आराखडा मंजूर झाला की काम संपले असे समजू नये. आरक्षण म्हणजे मैदान नव्हे, मैदानाचे वचन आहे. दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालकाला कायद्याने नोटीस देता येते, आणि ठरल्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही तर ते आरक्षणच रद्द होते. तेव्हा प्रत्येक प्रभागाने दरवर्षी एक दिवस हिशेबाचा ठेवावा. आपल्या वाट्याला किती मैदाने, किती शाळा लिहिल्या होत्या, त्यांतल्या किती उभ्या राहिल्या? पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. दिवा आणि पदपथ मागायला आपण शिकलो. तसेच मैदानाचा हिशेब मागायलाही शिकू. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या मिळाल्या. चौकट आहे. तिच्यात माणसे बसायची आहेत.

वीस वर्षांचा करार म्हटला की त्याची अखेर पाहायला आपल्यापैकी सगळेच असतील असे नाही. आमच्या संघटनेत एक रीत होती. वाटाघाटींना जाताना एक तरुण कामगार बरोबर न्यायचा. त्याने बोलायचे नाही, फक्त ऐकायचे आणि कागद सांभाळायचे. पुढच्या करारापर्यंत म्हातारे निवृत्त झालेले असत, पण मागच्या वेळी कोणी काय कबूल केले होते हे सांगणारा एकजण तरी टेबलाशी असे. आपल्या प्रभागाच्या सभेला जाताना असाच एखादा मुलगा, एखादी मुलगी बरोबर न्या आणि नकाशाची प्रत तिच्या हाती द्या. हिशेब तिला मागायचा आहे.